हलक्या क्लासिक रेसकारचे मागचे सस्पेन्शन: आधी अ‍ॅक्सल जागेवर धरा, स्प्रिंग नंतर

प्रश्न थोडक्यात असा. साठच्या दशकातली छोटी रेसकार आहे, चालक आणि अर्धी टाकी धरून ६४० किलो. मागे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाके एकाच कडक आसावर), अर्ध-कमानी पाटे (एकावर एक पानांच्या स्प्रिंग) आणि जुने लिव्हर डँपर (उसळी शमवणारे, तरफेवर चालणारे). वळणातून बाहेर पडताना आतले चाक नुसते फिरते, जोरात ब्रेक लावला की मागचा भाग थडथडतो आणि खडबडीत ट्रॅकवर गाडी मागून उड्या मारते. पाट्यांत एक पान वाढवले, खाली ठोकळे घालून गाडी बसवली, तरी फरक नाही. आता पाटे काढून कॉइलओव्हर (डँपरभोवतीच बसवलेली वेटोळ्यांची स्प्रिंग) बसवायचे आहेत, तर स्प्रिंग किती कडक घ्यावी?

स्प्रिंगचा आकडा खाली देतो, पण थडथडीचे मूळ स्प्रिंगमध्ये नाही. पाटा दोन कामे करतो: वजन पेलतो आणि अ‍ॅक्सलला जागेवर धरतो. दुसऱ्या कामात तो कच्चा आहे. इंजिनाने जोर लावला की हौसिंगचे, म्हणजे अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या कवचाचे, तोंड वर उचलले जाते आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळतो. टायरची पकड क्षणभर सुटली की तो पीळ उलगडतो, पकड आली की पुन्हा पिळतो. हेच सेकंदाला दहा-बारा वेळा होत राहते, तीच थडथड. ब्रेक लावताना दिशा उलटते, प्रकार तोच. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये गाडी बसवण्यासाठी घातलेला ठोकळा या पिळण्याला आणखी लांब हात देतो, म्हणून ठोकळ्यांनंतर त्रास वाढतो. शिवाय पान वाढवले की पानांमधले घर्षण वाढते, आणि बारीक खडबडीवर पाटा हलेनासा होतो. मग गाडी टायरच्या रबरावरच उसळते.

हलक्या गाडीत हे सगळे जास्त जाणवण्याचे कारण वजनाच्या प्रमाणात आहे. या गाडीचे निम्मे वजन मागे धरले तर प्रत्येक मागच्या चाकावर १६० किलो येतात. त्यातले अ‍ॅक्सलचा अर्धा भाग, ब्रेक, चाक आणि टायर मिळून साधारण ४५ किलो स्प्रिंगखाली असतात. वर उरतात ११५. म्हणजे अडीचास एक. मोठ्या प्रवासी गाडीत हे प्रमाण याच्याहून बरेच चांगले असते, म्हणून तिथे ढिला अ‍ॅक्सल खपून जातो. इथे अ‍ॅक्सल उसळला की अख्ख्या गाडीला हलवतो. त्यामुळे स्प्रिंगखालचा एक किलो कमी करणे हे वरच्या एका किलोपेक्षा कितीतरी मोलाचे. अ‍ॅल्युमिनियमचे ड्रम, हलकी चाके, जमल्यास अ‍ॅल्युमिनियमचे डिफरन्शियल कॅरियर (दोन चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरचा सांगाडा) याच क्रमाने बघा. जुनी मॅग्नेशियमची चाके मात्र तड्यांची तपासणी केल्याशिवाय चढवू नका.

काम सुरू करण्याआधी एक खात्री करून घ्या. हौसिंगच्या नळीवर आणि पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढा, चासीखाली छोटा कॅमेरा घट्ट बांधा आणि दोन-तीन फेऱ्या मारा. पट्टे एकमेकांच्या तुलनेत फिरताना दिसले तर पीळ. फिरत नाहीत पण अ‍ॅक्सल नुसता वरखाली उसळतो, तर डँपर गेलेले आहेत. दोन्ही असले तरी आधी पीळ मिटवा.

त्याहीआधी नियम. एफआयए या जागतिक मोटारस्पोर्ट संघटनेच्या अपेंडिक्स के, म्हणजे जुन्या रेसकारच्या नियमांखाली धावणारी गाडी तिच्या काळातल्या तपशिलाप्रमाणेच असावी लागते आणि तो तपशील गाडीच्या टेक्निकल पासपोर्टमध्ये नोंदलेला असतो. पाट्यांची गाडी त्या वर्गात कॉइलओव्हरवर गेली तर तपासणीतच बाहेर पडेल. डी डिऑन (डिफरन्शियल चासीवर, चाके हलक्या नळीने जोडलेली) किंवा स्वतंत्र सस्पेन्शनचा विचार असेल तर तोही इथेच थांबतो. केटरहॅमने लोटस सेव्हनच्या वारसदार गाडीला १९८५ मध्ये डी डिऑन दिले ते चांगलेच होते, कारण डिफरन्शियल चासीवर गेले आणि स्प्रिंगखालचे वजन उतरले. पण साठच्या दशकातल्या गाडीत तो बदल म्हणजे वेगळी गाडी.

पाटे ठेवणे भाग असेल तरी बरेच काही करता येते. जाड पाने काढून कमी पानांचा पाटा बनवून घ्या, पानांच्या टोकांना घर्षण कमी करणाऱ्या पट्ट्या घाला, ठोकळे काढून उंची पाट्याच्या बाकातूनच कमी करा. प्रत्येक बाजूला चासीपासून अ‍ॅक्सलपर्यंत पुढे-मागे जाणारी एक दांडी लावा, जी अ‍ॅक्सलला पिळू देणार नाही. या दांडीची लांबी बहुतेक जण चुकवतात. पाट्याचा पुढचा अर्धा भाग हलताना जो कंस काढतो, तो त्या भागाच्या सुमारे पाऊणपट लांबीच्या दांडीचा असतो. तुमची दांडी त्याच लांबीची आणि त्याच कलाची हवी. जास्त लांब किंवा वाकड्या कोनात लावली तर पाटा आणि दांडी एकमेकांशी भांडतात, हालचाल आखडते आणि शेवटी कमजोर ब्रॅकेट फाटते. लिव्हर डँपर काढून टेलिस्कोपिक लावणे नियमात बसत असेल तर तेही याच वेळी करा.

नियम मोकळे असतील तर पुढे-मागे जाणाऱ्या चार दांड्या (प्रत्येक बाजूला एक वर, एक खाली), एक आडवा आधार आणि कॉइलओव्हर. आता तपशिलात.

चारही दांड्या समांतर आणि एकाच लांबीच्या ठेवा. ३५० ते ४५० मिलिमीटर लांबी या आकाराच्या गाडीत बसते. वरच्या आखूड आणि खालच्या लांब ठेवल्या तर गाडी कलल्यावर डावी बाजू हौसिंगला एका दिशेने फिरवते आणि उजवी दुसऱ्या. पोलादी नळी असे फिरू देत नाही. सस्पेन्शन कडक होते आणि वेल्ड तडकतात. अ‍ॅक्सलवर वरच्या आणि खालच्या दांडीतले उभे अंतर निदान २०० मिलिमीटर हवे, त्याचा हिशेब असा. वेग घेताना मागच्या चाकांवर ३७० किलो येतात आणि टायर तेवढाच जोर जमिनीवर लावतो असे धरा, म्हणजे ३६३० न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.२८ मीटर, म्हणून हौसिंगवर सुमारे १०१६ न्यूटन-मीटरचा पीळ. २०० मिलिमीटर अंतर असेल तर खालच्या प्रत्येक दांडीवर साधारण ३.४ किलोन्यूटन दाब आणि वरच्या प्रत्येकीवर १.६ किलोन्यूटन ताण येतो. अंतर १२० वर आणले तर खालचा दाब ५.१ किलोन्यूटनवर जातो. हे सगळे सपाट रस्त्यावरचे आकडे. कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) आपटल्यावर तिप्पट धरून ब्रॅकेट बनवा. ब्रॅकेट नेहमी दोन्ही बाजूंनी बोल्टला धरणारे असावे. एकाच बाजूने टांगलेला बोल्ट वाकतोच.

दांड्यांच्या टोकांना एम१२ किंवा अर्ध्या इंची रॉड एंड (डोळ्यात फिरणारा गोलाकार सांधा), एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे, म्हणजे दांडी न काढता लांबी बदलता येते. आटा किमान दीडपट व्यासाइतका आत असावा. एम१२ ला १८ मिलिमीटर. रॉड एंडच्या दोन्ही बाजूंना निमुळते स्पेसर लावा, नाहीतर गाडी कलल्यावर डोळा ब्रॅकेटच्या भिंतीला टेकतो आणि दांडा मानेपाशी तुटतो. बाहेरच्या बाजूला मोठा वॉशर घाला, म्हणजे रॉड एंड फुटला तरी दांडी बोल्टवरून निसटत नाही.

दांड्यांचा कल हा तडजोडीचा विषय आहे. पुढचे टोक थोडे वर ठेवले तर वेग घेताना गाडी मागे बसत नाही. गुरुत्वमध्य ४३० मिलिमीटर उंच आणि व्हीलबेस २०३० असेल, तर बसण्यातला तीस टक्के भाग रोखायला सुमारे ३.६ अंश कल लागतो; ४०० मिलिमीटरच्या दांडीत २५ मिलिमीटरचा उंचीफरक. पण याच कलामुळे गाडी वळणात कलली की बाहेरचे चाक मागे सरकते आणि आतले पुढे. दोन अंश कलल्यावर, दांड्यांमध्ये ९०० मिलिमीटर अंतर असेल तर, अ‍ॅक्सल सुमारे ०.१३ अंश वळणाबाहेर वळतो. आकडा छोटा दिसतो, पण आखूड व्हीलबेसच्या गाडीत वेगवान वळणावर मागचा भाग चंचल होतो तो एवढ्यानेच. सुरुवात सपाट दांड्यांनी करा. चासीकडच्या ब्रॅकेटला १५ मिलिमीटरच्या अंतराने तीन भोके ठेवा, बाकीचे ट्रॅक सांगेल.

आडव्या आधारासाठी तीन पर्याय आहेत. ए-आकाराची चौकट, पॅनहार्ड दांडी (एक टोक चासीला, दुसरे अ‍ॅक्सलला) आणि वॉट लिंकेज (मधल्या फिरत्या पट्टीला जोडलेल्या दोन दांड्या). ए-चौकटीबद्दल लोटस सेव्हनच्या दुसऱ्या मालिकेचा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथे चौकटीचे टोक थेट डिफरन्शियलच्या हौसिंगखाली बोल्ट केले होते. स्टँडर्ड कंपॅनियनच्या हलक्या अ‍ॅक्सलचे ते पातळ हौसिंग वळणांचा आणि ब्रेकचा सगळा भार एका जागी घेत असे, वाकत असे आणि तेल गळत असे. तेल संपले की गिअर गेले. चौकट वापरायची असेल तर टोकाचा भार दोन्ही नळ्यांपर्यंत नेणारा पट्टा हौसिंगखालून वेल्ड केलाच पाहिजे.

पॅनहार्ड साधी आणि हलकी. तिचे टोक कंसात फिरते म्हणून अ‍ॅक्सल किंचित बाजूला सरकतो. किती ते लांबीवर ठरते. ९०० मिलिमीटरची दांडी आणि ४० मिलिमीटर हालचाल असेल तर ०.९ मिलिमीटर; ४०० च्या आखूड दांडीत २. आणि हे दांडी चालक बसलेला असताना आडवी असेल तरच. ती २० मिलिमीटर तिरकी राहिली तर लांब दांडीतही सरकणे दुपटीवर जाते आणि डावे-उजवे वळण वेगवेगळे वाटू लागते. वॉट लिंकेज अ‍ॅक्सलला जवळजवळ सरळ वरखाली चालवते, पण त्यात सांधे जास्त, वजन जास्त, आणि मधल्या फिरत्या पट्टीला भक्कम बैठक लागते. एवढ्या हलक्या गाडीत शक्य तितकी लांब पॅनहार्ड पुरेशी आहे असे माझे ठाम मत आहे. वॉटसाठी चासीत जागा आयती असेल तरच त्या वाटेला जा.

या आधाराची उंची मात्र नीट ठरवा, कारण आतले चाक फिरण्याचा अर्धा इलाज तिथे आहे. मागचे रोल सेंटर, ज्याभोवती गाडी मागे कलते, म्हणजे पॅनहार्ड गाडीच्या मध्यरेषेला जिथे ओलांडते तो बिंदू. पाट्यांच्या गाडीत तो बराच वर असतो. तो अ‍ॅक्सलच्या मध्याइतका, २८० मिलिमीटर उंच असला, तर १ जी च्या वळणात (बाजूचा जोर वजनाइतका) केवळ त्या उंचीमुळे आतल्या चाकावरून सुमारे ५४ किलो बाहेरच्या चाकावर जातात (चाकांमधले अंतर १.२ मीटर, स्प्रिंगवरचे मागचे वजन २३० किलो). तोच बिंदू २०० वर आणला तर ३८. गाडी थोडी जास्त कलेल आणि त्यातला काही भार स्प्रिंगमधून परत येईल, पण पुढचा अँटी-रोल बार (गाडीचे कलणे रोखणारी, दोन्ही बाजू जोडणारी दांडी) त्यातला मोठा हिस्सा उचलतो. मागे अँटी-रोल बार लावू नका. असेल तर काढून बघा.

उजवे चाक डाव्यापेक्षा लवकर फिरते, हीही या अ‍ॅक्सलची रीत आहे. प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून अ‍ॅक्सलपर्यंतच्या दांड्याचा) पीळ अख्ख्या अ‍ॅक्सलला फिरवू पाहतो आणि नेहमीच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनात उजवे चाक उचलतो. डिफरन्शियलच्या ४.२ गुणोत्तराला वरच्याच हिशेबाने हे २० किलोंपर्यंत जाते, त्यातला काही भाग मागच्या स्प्रिंग परत देतात. हे दांड्यांनी पूर्ण जाणार नाही, त्यासाठी प्लेटचे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसते फिरू न देणारे) हवे. गिअरवर चालणारे टॉर्क-बायसिंग प्रकारचे डिफरन्शियल चाक हवेत गेले की जवळजवळ साध्यासारखेच वागते. म्हणून आधी चाक जमिनीवर ठेवा, मग डिफरन्शियलवर खर्च करा.

आता स्प्रिंग. स्प्रिंगवरच्या ११५ किलोंना २.२ हर्ट्झ वारंवारता द्यायची तर चाकापाशी २२ न्यूटन प्रति मिलिमीटर लागतात. साध्या टायरवर आणि खडबडीत ट्रॅकवर २ पर्यंत उतरा, स्लिक (बिननक्षीचे टायर) असतील तर २.४ पर्यंत चढा. त्यापलीकडे मागून काही मिळत नाही. कॉइलओव्हर उभ्यापासून १५ अंश कललेले असेल तर कोसाइनच्या वर्गाने भागायचे, ०.९३३ ने. येते २३.६, म्हणजे १३५ पौंड प्रति इंच. बाजारात १३० आणि १४० मिळते, १३० घ्या. २००-२५० पौंडांच्या स्प्रिंगा घालून मग गाडी उड्या का मारते हे विचारणारे बरेच असतात, आणि त्या आकड्यांचा उगम बहुतेक वेळा दुप्पट वजनाच्या गाडीत असतो.

लांबीही हिशेबानेच. गाडी उभी असताना ही स्प्रिंग ५० मिलिमीटर दबते, वर ५५ मिलिमीटरचा धक्का धरला तर स्प्रिंगमध्ये आणखी ५३. म्हणजे १०३ मिलिमीटर दबूनही वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत. वर ६ मिलिमीटर राखीव. निर्मात्याच्या तक्त्यात पूर्ण दबल्यावरची लांबी दिलेली असते, ती वाचूनच मागवा. अ‍ॅक्सल ५० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली लोंबत असेल तर स्प्रिंग सैल होऊन बैठकीतून सटकते. तिथे हलकी हेल्पर स्प्रिंग घाला. लोंबणे आखडून हा प्रश्न सोडवू नका, कारण आतल्या चाकाला तीच हालचाल हवी असते.

डँपर हलक्या गाडीसाठी खास भरून घ्या. ०.१ मीटर प्रति सेकंद वेगाला दाबताना सुमारे १५० न्यूटन आणि सुटताना ३०० न्यूटन ही सुरुवात. सुटण्याची बाजू फार कडक केली तर सलग खडबडीवर अ‍ॅक्सल वरच अडकत जातो आणि गाडी मागून बसत बसत शेवटी बंपस्टॉपवर (हालचाल संपते तिथल्या मऊ ठोकळ्यावर) चालते. मायक्रोसेल्युलर बंपस्टॉप शेवटच्या २५ मिलिमीटरमध्ये टेकावा, आधी नाही.

पाटे काढल्यावर चासीवरचा भार नव्या जागी येतो, आणि इथे गाड्या फाटतात. पूर्वी तो पाट्यांच्या दोन टोकांत वाटला जायचा. आता सगळा डँपरच्या वरच्या बोल्टवर, उभ्या गाडीत ११७० न्यूटन आणि धक्क्यात त्याच्या तिप्पट-चौपट. नुसत्या पत्र्यावर प्लेट वेल्ड करून भागत नाही. दोन्ही वरच्या बैठकी आडव्या नळीने जोडा आणि त्या नळीपासून खालच्या लाँगिट्यूडिनलपर्यंत (चासीच्या पुढे-मागे जाणाऱ्या तुळईपर्यंत) तिरके आधार द्या.

हौसिंगवर ब्रॅकेट वेल्ड करताना नळी वेल्डच्या बाजूला वाकते, हा धोका मोठा आहे. बेअरिंगच्या जागी खराद केलेल्या चकत्या बसवून त्यांतून सरळ दंडगोल दांडा आरपार घाला. २५ मिलिमीटरचे टाके आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला, वर-खाली मारा आणि मधे थंड होऊ द्या. दांडा हाताने फिरत राहिला पाहिजे; अडकला तर तिथेच थांबून उलट बाजूला उष्णता देऊन सरळ करा. या वेळी हौसिंग उघडे असतेच, तर निमुळत्या टोकाचे, वेगळ्या हबचे जुने हाफशाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) बदलून एकसंध फ्लँजचे घाला. जुना शाफ्ट तुटला की चाकासह बाहेर येतो.

जोडणी स्प्रिंगशिवाय करा. अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन पूर्ण वर, पूर्ण खाली आणि मग एक बाजू वर-एक खाली अशी हाताने फिरवा. कुठेही जोर लागला तर दांड्या आखडताहेत. प्रॉपेलर शाफ्ट बोगद्याला, ब्रेकची होज दांडीला आणि एक्झॉस्ट हौसिंगला टेकत नाही ना ते याच वेळी दिसते. पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्ट जोडला जातो त्या डिफरन्शियलच्या गिअरचा) कोन गिअरबॉक्सच्या शाफ्टशी अर्ध्या अंशात समांतर आणा. मग दोन्ही बाजूंना पुढून मागे दोरी ताणून, ओळंबे सोडून अ‍ॅक्सल मध्यरेषेला काटकोनात आहे का मोजा. चाकांच्या रिमपाशी १ मिलिमीटरच्या आत. नंतर स्प्रिंग घाला, चालकाइतके वजन आसनावर ठेवा, पुढचा अँटी-रोल बार सोडा, गाडी पुढेमागे ढकलून बसू द्या आणि वजनकाट्यांवर कर्णातले वजन (समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन चाकांवरचे) ५० टक्क्यांच्या अर्ध्या टक्क्यात आणा. बार परत जोडताना त्यात ताण राहणार नाही अशी दांडी जुळवा.

पहिल्या पाच फेऱ्यांनंतर गाडी आत घेऊन सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क करा आणि प्रत्येक लॉकनटवर रंगाची रेघ ओढा. रॉड एंडमध्ये हाताला जाणवेल एवढा खेळ आला की तो बदला, पुढच्या शर्यतीसाठी ठेवू नका. हौसिंगवरच्या वेल्डभोवती आधी तड्यात शिरणारा रंग (पेनिट्रंट) लावून पुसा, वर पांढरा डेव्हलपर मारून दर दोन शर्यतींनी तडे बघा. पहिला तडा बहुधा खालच्या दांडीच्या ब्रॅकेटच्या पुढच्या कोपऱ्यात दिसतो, कारण सगळ्यात मोठा दाब तिथेच येतो.